झोपलेला उंदीर खरं बोलतो का?

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की विषय ठरलेले असतात. रेषेवर चालणारा रोबो, मोबाइलवरून लागणारे दिवे, नाहीतर पार्किंगमधला सेन्सर. आमच्या गटाने घेतला उंदीर! आता उंदीर काही आम्ही हॉस्टेलवर पाळलेला नाही (जे आहेत ते बिनपरवाना आहेत). एका फार्माकॉलॉजीच्या प्रयोगशाळेत भूल दिलेल्या पांढऱ्या उंदरांच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या विद्युत-नोंदी होतात. त्या संगणकावर घ्यायच्या, त्यातला गाळ काढायचा आणि उपयोगाचं तेवढं शिल्लक ठेवायचं, एवढंच आमचं काम. पण तेव्हापासून विंगमध्ये माझं नाव 'उंदीरमामा' पडलं ते पडलंच.

मेसमध्ये ताट घेऊन बसलं की हमखास तीन प्रश्न येतात. उंदराला भूल कशाला द्यायची? तो नीट झोपलाय हे कळतं कसं? आणि झोपलेल्या उंदरावरून जाग्या माणसाचं काय डोंबल कळणार? पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: त्याला वेदना होऊ नयेत म्हणून, आणि तो हलला तर इलेक्ट्रोडही हलतात म्हणून. दुसरा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आणि तिसरा तर इतका अवघड आहे की त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉक्टरांचे दोन तट पडले होते, आणि त्या भांडणाचा मोठा प्रयोग झाला तो आपल्या शेजारी, हैदराबादला. त्याच्याकडे येतोच. आधी थोडी पूर्वतयारी.

भूल म्हणजे झोप नव्हे

आपण सहज म्हणतो की पेशंटला 'झोपवलं'. प्रत्यक्षात भूल ही निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींची मोळी आहे: भान जाणं, वेदना न जाणवणं आणि शरीर न हलणं. एकाच औषधाने तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात होतील असं नाही.

उंदीर पुरेसा गुंगलाय का हे पाहायला प्रयोगशाळेत त्याच्या मागच्या पायाचं बोट चिमटीत धरून दाबतात. पाय मागे घेतला नाही तर भूल पुरेशी आहे असं समजतात. वायुरूप भुलीची ताकद मोजण्याचं मापही असंच आहे. वेदना दिल्यावर ज्या प्रमाणाला निम्मे प्राणी हलत नाहीत, ते त्या वायूचं प्रमाण. आयसोफ्लुरेनसाठी उंदरात ते साधारण दीड टक्क्याच्या आसपास येतं.

पण गंमत पुढे आहे. १९९३ मध्ये रॅम्पिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच दाखवून दिलं, की मेंदूचा पुढचा मोठा भाग काढून टाकला तरी हे प्रमाण बदलत नाही! म्हणजे पाय मागे न घेणं हे मुख्यतः मज्जारज्जूचं काम आहे. आपण चिमटा काढून ज्याची परीक्षा घेतो तो कारकून आहे, साहेब नव्हे. साहेब केबिनमध्ये जागे आहेत की घोरताहेत, हे कारकुनाच्या तोंडावरून ओळखायला जाऊ नये. त्यासाठी थेट मेंदूचाच सिग्नल पाहावा लागतो.

मेंदूचा सिग्नल: विसर्जनाची गर्दी

मेंदूत विद्युत-सिग्नल असतो हे १८७५ मध्ये रिचर्ड कॅटन यांनी सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर दाखवलं. माणसाच्या डोक्यावरून तो पहिल्यांदा नोंदवला हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये, आणि प्रसिद्ध केला १९२९ मध्ये. यालाच आपण ईईजी म्हणतो. भुलीची खोली ईईजीवरून मोजता येईल हे गिब्ज पती-पत्नी आणि लेनॉक्स यांनी १९३७ मध्येच सुचवलं होतं.

ईईजी कसा तयार होतो हे समजायला घाटकोपर स्टेशनचा पूल आठवा, संध्याकाळी सातचा. हजारो लोक बोलताहेत, पण प्रत्येकाचं बोलणं वेगळं. कोणी फोनवर, कोणी शेजाऱ्याशी, कोणी स्वतःशीच. लांबून ऐकलं तर नुसती गुणगुण. आवाज मोठा नाही, पण भराभर बदलणारा. जागा मेंदू असाच असतो. प्रत्येक पेशी आपापल्या कामात, म्हणून बेरीज लहान आणि वेगवान.

आता गणपती विसर्जनाची पवईची मिरवणूक आठवा. माणसं तेवढीच, पण सगळी एका तालात 'मोरया' म्हणताहेत. आवाज प्रचंड, पण संथ आणि ठेक्यात. भूल दिल्यावर मेंदूचं असं होतं. पेशी एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. आलेखावर मोठ्या, हळू लाटा दिसतात, सेकंदाला १ ते ४. त्यांना डेल्टा लाटा म्हणतात. लाट मोठी झाली म्हणजे मेंदू जास्त काम करतोय असं मुळीच नाही, उलट एकाच घोषणेत वेगळं काही सांगायला जागाच उरत नाही. माहितीशास्त्रात एन्ट्रॉपी शिकलो ती हीच.

भूल आणखी वाढवली की तिसरा प्रकार दिसतो. आलेख काही सेकंद जवळजवळ सपाट, मग एकदम लाटांचा झोत, पुन्हा सपाट. आपल्या पावसाळ्यासारखं: सर येते, उघडतं, पुन्हा सर येते. सपाट भागाचं शेकडा प्रमाण काढलं की भुलीच्या खोलीचं एक चांगलं माप मिळतं, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्रॅम दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही लिहू शकेल. एक उंबरठा ठरवायचा, त्याच्या खालचे सलग नमुने मोजायचे. माणसाच्या ऑपरेशनमध्येही हा झोत-आणि-सपाटीचा आलेख दिसला की भूलतज्ज्ञ सावध होतात, कारण भूल गरजेपेक्षा खोल गेलेली असते.

हृदयाचा सिग्नल: ओहमचा नियम विसरू नका

पांढऱ्या उंदराचं वजन पाव किलोच्या आसपास आणि हृदय जेमतेम एक ग्रॅमचं. जागेपणी ते मिनिटाला ३०० ते ४०० वेळा धडधडतं. आपलं ७२. पण रक्तदाब मात्र जवळपास आपल्याइतकाच! मला पहिल्यांदा हे वाचून खरं वाटलं नव्हतं.

रक्तदाबाचं गणित आपल्याला पहिल्या वर्षापासून येतं. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. तसंच रक्तदाब म्हणजे हृदयातून निघणारा प्रवाह गुणिले रक्तवाहिन्यांचा रोध. भुलीची औषधं यातल्या कुठल्याही घटकाला हात लावू शकतात. आयसोफ्लुरेन मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करतो, म्हणजे रोध घटतो आणि वायूचं प्रमाण वाढवाल तसा दाब उतरतो. पेंटोबार्बिटल श्वास मंदावतो, हृदयालाही दाबतो, आणि पुरेशी मात्रा आणि घातक मात्रा यांत त्याचं अंतर थोडं असतं. झायलाझिन हे जनावरांच्या डॉक्टरांचं गुंगीचं औषध, ते हृदयाची गतीच मोठ्या प्रमाणात खाली आणतं.

पण शरीर म्हणजे नुसतं सर्किट नाही, त्याला फीडबॅक आहे. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब मोजणारे सेन्सर असतात. दाब पडला की ते मेंदूच्या तळाला कळवतात, तिथून हृदयाला हुकूम सुटतो की वेग वाढव. दाब वाढला की उलट. हॉस्टेलच्या टाकीतला फ्लोट आणि खालचा पंप यांचंच हे नातं. बहुतेक भुलीची औषधं या फीडबॅकचा गेन कमी करतात. टाकी रिकामी होते आहे, फ्लोट खाली आलाय, पण पंप सावकाश हलतोय.

याचा परिणाम लक्षात घ्या. समजा एखादं नवीन औषध तपासायचं आहे. भूल दिलेल्या उंदराला ते दिलं आणि दाब २० मिलिमीटरने पडला. मग जाग्या प्राण्यातही तेवढाच पडेल का? तिथे फीडबॅक पूर्ण ताकदीने चालू आहे, तो बराचसा भाग भरून काढेल. म्हणजे आपण औषध मोजलं असं म्हणतो, पण मोजलं ते औषध अधिक भूल. ओपन लूप आणि क्लोज्ड लूप यांची उत्तरं एक नसतात, हे कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण लिहून येतो आणि प्रयोगशाळेत विसरतो.

औषध बदललं की उंदीर बदलला

आता असं वाटेल की निदान सगळ्या भुलींचा मेंदूवर परिणाम सारखा असेल. तोही नाही.

आयसोफ्लुरेन आणि पेंटोबार्बिटल मेंदूतल्या ब्रेकचं काम वाढवतात. गॅबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, त्याचा परिणाम ही औषधं लांबवतात. परिणामी वर सांगितलेल्या हळू लाटा आणि सपाटी.

केटामिन मात्र ब्रेक दाबत नाही, ॲक्सिलरेटरची एक तार काढतो. पेशींना उत्तेजित करणारे एनएमडीए नावाचे ग्राही तो बंद करतो. केटामिन दिलेल्या उंदराचे डोळे उघडे असू शकतात आणि ईईजीमध्ये वेगवान लहरी चक्क वाढतात! नुसता वेगवान लहरींचा आकडा पाहून 'जागा आहे' असा निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम इथे तोंडघशी पडतो. माणसांसाठीची भुलीची खोली दाखवणारी यंत्रंही केटामिनच्या बाबतीत अशीच फसतात. उंदरात केटामिन बहुधा झायलाझिनबरोबर देतात. म्हणजे मेंदूचा आलेख दोघांचा मिळून, आणि हृदयाची मंद गती मुख्यतः झायलाझिनची.

युरेथेन हा आणखी निराळा गडी. एकदा दिला की तासन्‌तास भूल टिकते आणि हृदय-श्वासाचे रिफ्लेक्स त्यातल्या त्यात शाबूत राहतात. म्हणून शरीरक्रियेच्या प्रयोगांत तो वर्षानुवर्षं वापरला जातो. पण तो कर्करोगकारक आहे. म्हणून हाताळणाऱ्याने काळजी घ्यायची, आणि उंदराला पुन्हा जागं करायचं नाही, अशाच प्रयोगात तो चालतो. त्याचा गमतीचा गुण २००८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मांडला. युरेथेनखाली उंदराचा ईईजी एका जागी थांबत नाही. काही मिनिटं संथ मोठ्या लाटा, मग आपोआप वेगवान लहरी, पुन्हा संथ. झोपेतल्या टप्प्यांसारखी ही अदलाबदल होते, बाहेरून कोणी काही न करता.

आता कल्पना करा. तुम्ही बरोबर अशा वेळी औषध टोचलं की उंदीर स्वतःच टप्पा बदलणार होता. आलेख बदलला आणि वहीत लिहिलं गेलं, 'औषधाचा परिणाम दिसला'. अहो, ही गाडी तशीही सुटणारच होती, तुम्ही फक्त त्याच वेळी हात दाखवलात.

हैदराबादचा क्लोरोफॉर्म

इतकं सगळं सांगून झाल्यावर मित्र म्हणतात, 'ठीक आहे रे, पण यात कोणाचं काय अडलं?' अडलं होतं. माणसांचे जीव.

इथरची भूल १८४६ मध्ये बॉस्टनला जाहीरपणे दाखवली गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. वास बरा, काम झटपट, त्यामुळे सगळे खूश. आणि जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नख काढताना! त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले, बहुतेकदा किरकोळ ऑपरेशनमध्ये, भूल नुकती सुरू झालेली असताना. प्रश्न असा पडला की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो की हृदय? उत्तरावर भूल देणाऱ्याची नजर कुठे ठेवायची हे ठरणार होतं, छातीवर की नाडीवर.

हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख होते एडवर्ड लॉरी. आपला मराठवाडा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्याची ही राजधानी. लॉरी पक्के श्वासवादी: श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको. १८८८ मध्ये त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की श्वास नेहमी आधी थांबतो. लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले की तुमचाच तज्ज्ञ पाठवा. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे मोठे औषधशास्त्रज्ञ हैदराबादला आले. येताना त्यांचं मत लॉरींच्या विरुद्ध होतं. चारशेहून जास्त प्राण्यांवर प्रयोग झाले, कुत्री, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे. दाबाच्या नोंदी घेतल्या गेल्या. आणि ब्रंटन यांचं मत बदललं. निष्कर्ष जाहीर झाला की क्लोरोफॉर्मचा हृदयाला थेट धोका नाही, धोका श्वास कोंडण्याचा किंवा जास्त मात्रेचा. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांचं नाव जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये घेतलं जातं. म्हणजे हैदराबाद त्या काळी या विषयाचं मोठं ठाणं होतं.

मग चुकलं कुठे? प्राणी कमी नव्हते, मेहनत कमी नव्हती, अप्रामाणिकपणा तर नव्हताच. चुकलं ते दोन ठिकाणी, आणि दोन्ही आपल्या अभ्यासक्रमातली आहेत.

पहिलं म्हणजे यंत्र. तेव्हा दाब मोजायचे पाऱ्याच्या नळीने आणि तिला जोडलेली टोकदार कांडी काजळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर रेघ ओढायची. हे यंत्र कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये केलं होतं आणि त्या काळासाठी ते अप्रतिमच होतं. पण पारा जड. जड वस्तू भराभर हलत नाही. म्हणजे ते यंत्र चक्क लो-पास फिल्टर! सरासरी दाब छान कळतो, पण एकेका ठोक्याचा आकार कळत नाही. हृदय थांबलं की नुसतं थरथरतंय, दोन्ही वेळा रेघ खालीच येणार. ती थरथर, म्हणजे फिब्रिलेशन, पाऱ्याच्या रेघेवरून ओळखू येत नाही. त्यासाठी हृदयाचा विद्युत-सिग्नल लागतो, आणि तो नीट नोंदवणारं आइंथोव्हेन यांचं यंत्र यायला विसावं शतक उजाडावं लागलं.

दुसरं म्हणजे प्रयोगाची स्थिती. हैदराबादचे बहुतेक प्राणी खोल भुलीपर्यंत नेले जात होते. खोल भुलीत श्वास आधी थांबतो, हे खरंच आहे. पण माणसं मरत होती ती उथळ भुलीत, घाबरलेली, धडपडणारी, रक्तात ॲड्रेनलिन उसळलेलं असताना. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी १८९३ मध्येच क्लोरोफॉर्म हृदयावर थेट परिणाम करतो असं दाखवलं. आणि १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर नेमका धागा पकडला. उथळ क्लोरोफॉर्म अधिक ॲड्रेनलिन, की हृदयात फिब्रिलेशन आणि क्षणात मृत्यू. गंमत म्हणजे भूल खोल केली की हा धोका कमी व्हायचा!

म्हणजे हैदराबादच्या प्राण्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी अचूक दिलं. फक्त विचारलेला प्रश्न आणि माणसांना हवा असलेला प्रश्न वेगळे होते. श्वासावर लक्ष ठेवा हा लॉरींचा सल्ला आजही योग्य आहे. 'हृदयाची चिंता नको' हा त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र महाग पडला. शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. झोपलेला उंदीर खरं बोलतो, पण झोपलेल्या उंदराविषयी.

मग आपल्या हातात काय?

इथे इंजिनिअर मंडळींचं काम सुरू होतं. डॉक्टर आणि फार्मसीवाले प्राणी आणि औषध जाणतात, सिग्नल कुठे फसवतो ते आपण जाणतो. काही सापळे सांगतो, पुढच्या बॅचला उपयोगी पडतील.

एक, सँपलिंग. माणसाच्या ईसीजीला सेकंदाला २५० ते ५०० नमुने चालून जातात. उंदराच्या ठोक्याचा टोकदार भाग जेमतेम १५-२० मिलिसेकंदांचा. निदान १००० घ्या, २००० असतील तर उत्तम. शिवाय माणसाच्या ईसीजीत ठोक्यानंतर जो सपाट तुकडा असतो तो उंदरात जवळजवळ नसतोच. माणसासाठी लिहिलेला प्रोग्रॅम तो शोधत बसतो आणि काहीतरी आकडा देतोच. संगणक 'मला माहीत नाही' म्हणत नाही, व्हायव्हामधल्या आपल्यासारखाच!

दोन, फ्रिक्वेन्सीची गल्लत. उंदराचं हृदय मिनिटाला ३६० म्हणजे सेकंदाला ६ वेळा. मेंदूतल्या थीटा लहरीही याच भागात असतात. ईईजीच्या तारेत हृदयाचा थोडा सिग्नल झिरपला, की स्पेक्ट्रममध्ये ६ हर्ट्झला सुंदर शिखर दिसतं आणि वाटतं, वा, थीटा! तसंच भुलीतला श्वास मिनिटाला ६० ते ९० म्हणजे १ ते १.५ हर्ट्झ, आणि तो डेल्टात मिसळतो. फिल्टरने हे सुटत नाही, कारण दोन्ही एकाच पट्ट्यात. उपाय एकच: ईसीजी आणि श्वास वेगळ्या चॅनेलवर त्याच वेळी नोंदवा आणि दोघांचा कोहेरन्स काढा. शिखर हृदयाबरोबर सरकलं तर ते हृदयाचंच.

तीन, तापमान. छोट्या शरीराला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, त्यात भुलीने तापमान-नियंत्रण बंद. एसी खोलीत उंदीर भराभर थंड पडतो. थंड पडला की हृदय मंदावतं, ईईजीही मंदावतो, आणि आपण म्हणतो औषधाने मंदावलं. म्हणून खाली गरम गादी हवी, आणि ती शरीराच्या तापमानावरून नियंत्रित हवी. ही गादी थेट मेन्सवर चालवली तर ५० हर्ट्झचा गुंजारव ईईजीत घुसतो. डीसी सप्लाय वापरा. हे काम अगदी आपल्या हातचं आहे.

चार, जागेपणीची नोंद. शक्य तिथे उंदराच्या शरीरात छोटा रेडिओ-ट्रान्समीटर शस्त्रक्रियेने बसवतात, तो पूर्ण बरा झाल्यावर पिंजऱ्यात फिरताना नोंद घेतात आणि मग त्याच उंदराला भूल देऊन तुलना करतात. भुलीने नेमकं काय बदललं हे त्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. तेवढी सोय नसेल तर निदान कोणती भूल, किती मात्रा, दिल्यावर किती मिनिटांनी नोंद आणि शरीराचं तापमान किती, हे अहवालात लिहायलाच हवं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत याची 'अराइव्ह' नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली गेली. त्यांचा गाभा हाच.

आणि शेवटी उंदराबद्दल

मुंबई आणि उंदीर यांचं नातं जुनं आहे. १८९६ च्या प्लेगने या शहराला उंदराची धास्ती घातली, आणि त्याच प्लेगमुळे आज परळला असलेल्या हाफकिन संस्थेचा पाया पडला. एकीकडे गणपतीचं वाहन, दुसरीकडे पिंजरा लावून पकडायचा शत्रू. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर या दोन्हींत बसत नाही. त्याला बोलावलं आपण, आणि म्हणून हिशोबही आपणच द्यायचा.

आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत. कोणत्याही प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे अर्ज करावा लागतो: किती उंदीर, का, यांना पर्याय नाही का, वेदना कशी टाळणार. रसेल आणि बर्च या इंग्रज संशोधकांनी १९५९ मध्ये तीन सूत्रं सांगितली होती. शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, त्रास कमी करा.

दुसऱ्या सूत्रात आपण थेट कामाला येतो. एखादा परिणाम दाखवायला किती प्राणी लागतील हे मोजमापातल्या विखुरणीच्या वर्गावर अवलंबून असतं. म्हणजे आपण तापमान स्थिर ठेवून, गोंगाट काढून, सारख्या खोलीच्या भुलीत नोंदी घेऊन ती विखुरणी निम्मी केली, तर ढोबळमानाने लागणारे प्राणी एक चतुर्थांश होतात. सोळाच्या जागी चार! सांख्यिकीच्या तासाला हा वर्ग फक्त सूत्रात असतो. इथे तो बारा उंदीर असतो.

म्हणून माझी ज्युनिअर मंडळींना एक विनंती. बायोमेडिकलचा प्रोजेक्ट 'सोपा' म्हणून किंवा 'डेटा तयार मिळतो' म्हणून घेऊ नका. फाइलमधल्या प्रत्येक ओळीमागे एक प्राणी आहे आणि ती नोंद पुन्हा घेता येत नाही. घ्यायचाच असेल तर आधी नोंद घेताना तिथे जाऊन उभे राहा, कोणती भूल दिली ते विचारा, मग लॅपटॉप उघडा. आणि मेसमध्ये कोणी उंदीरमामा म्हणालं तर म्हणू द्या. भाच्यांची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी.